गच्चीवरचा बांबू आणि स्पिनेकरची जाइब

कूलरखालचा खलाशी (धागाकर्ता)

मंडळी, नागपूरच्या झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र दिसायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरी हा धागा काढून राहिलोय, कारण या गावात शिडाच्या बोटीवर हात मारलेले लोक आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये अंबाझरीवर शिकलेले तर असतीलच.

माझी गोष्ट थोडक्यात. दोन वर्षं मुंबईत नोकरी होती, तेव्हा हार्बरमध्ये एका जे-२४ वर क्रू म्हणून लागलो. चोवीस फुटी बोट, पाच माणसं, आणि माझी जागा फोरडेकवर, म्हणजे डोलकाठीच्या पुढे. आता नोकरी मिहानमध्ये आहे. महिन्यातून एकदा शुक्रवारची दुरांतो पकडतो, शनिवार-रविवार रेस करतो आणि सोमवारी सकाळी डोळे चोळत ऑफिसात. घरचे काय म्हणतात ते लिहीत नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: वारा पाठीमागून असला की पुढे जे मोठं, फुगलेलं, रंगीत शीड दिसतं तो स्पिनेकर. आम्ही काइट म्हणतो. त्याचं वरचं टोक डोलकाठीवर ओढलेलं असतं, खालचे दोन कोपरे दोन दोरांवर. वाऱ्याच्या बाजूचा दोर एका आडव्या दांड्याच्या, म्हणजे पोलच्या, जबड्यातून जातो. त्याला गाय म्हणतात. दुसऱ्या बाजूचा दोर म्हणजे शीट. बोटीने वारा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला की झाली जाइब. मग पोलही या बाजूचा त्या बाजूला न्यावा लागतो. शीट होती ती गाय होते, गाय होती ती शीट. हा पोल फिरवायचं काम माझं.

गेल्या खेपेला वायव्येचा वारा साधारण १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर, होता. जाइबची हाक आली, मी पोल डोलकाठीवरून काढला, नवी गाय पकडायला हात टाकला तर ती हातभर लांब. वाकलो. आणखी वाकलो. माझ्या वजनाने बोटीचं नाक पाण्यात गेलं, काइट मेनसेलच्या, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या, आडोशाला जाऊन बसला, मग गरकन फिरला आणि मधोमध पिळा पडला. तीन बोटी आमच्या बाजूने हात हलवत निघून गेल्या. किनाऱ्यावर आल्यावर आमचा स्किपर एवढंच म्हणाला, "तू घाई फार करतोस."

मला वाटत होतं मी हळू आहे. म्हणून विचारतो: दोन खेपांच्या मध्ये नागपुरात बसून याचा सराव कसा करता येईल? इथे पाणी आहे, पण स्पिनेकर कुठून आणू?

वऱ्हाडी गडी

पयले हे सांगा भाऊ, पोलच्या जबड्यातून गाय काढायची अन् दुसरी गाय अडकवायची, हे गोरक्षणवाल्यांना मालूम आहे का?

बर्डीवरची

मी हसून हसून चहा सांडला. मोठ्या बोटींवर तर एक "लेझी गाय" पण असते म्हणे. आमच्या गावाकडे सगळ्याच तसल्या होत्या.

अंबाझरीचा जुना

गायी झाल्या असतील तर कामाचं बोलू.

मी अंबाझरीवर एंटरप्राइझ बोटीवर शिकलो. त्या बोटीला स्पिनेकर नसतो, त्यामुळे तलावावर हे कोणी शिकवलं नाही. पुढे नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं समुद्रकाठी काढली आणि फोरडेकवर गुडघे फोडून घेतले.

तुमची चूक हातांची नाही, डोळ्यांची आहे. नवी गाय लांब होती कारण त्या बाजूचं ट्विंग ओढलेलं नव्हतं. ट्विंग म्हणजे बोटीच्या कडेला, लांबीच्या साधारण मध्यावर, शीटवर सरकणारी कडी असलेली छोटी दोरी. ती ओढली की शीट खाली आणि डोलकाठीजवळ येते, आपोआप हाताशी. जाइबच्या आधी दोन्ही ट्विंग आत हवीत. हे काम कॉकपिटमधल्याचं, म्हणजे मागे बसलेल्याचं, तुमचं नाही. पण ते झालं का हे बघणं तुमचं. पोल डोलकाठीवर असतानाच मान वळवून नवी गाय कुठे आहे ते पाहायचं. नसेल तर ओरडायचं, "ट्विंग!" आणि थांबायचं. पोल हातात आल्यावर प्रश्न विचारायची वेळ गेलेली असते.

तुमचा स्किपर घाई म्हणाला ते या अर्थी असेल. हात हळू असले तरी माणूस घाईत असू शकतो.

कूलरखालचा खलाशी

जुनेभाऊ, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. खरंच मी पाहिलं नव्हतं. हाक आली की हात आपोआप पोलकडे गेला.

म्हणजे क्रम असा का: बोट वाऱ्यापासून खाली वळायला लागते, ट्रिमर, म्हणजे काइटचे दोर सांभाळणारा, पोल मागे खेचून काइट बोटीच्या बरोबर पुढे आणतो, मी डोलकाठीला पाठ लावून पुढे तोंड करून उभा. मग डोलकाठीवरचं टोक काढायचं, त्यात नवी गाय अडकवायची, पोल नव्या बाजूला ढकलायचा, जुनी गाय सोडायची आणि ते रिकामं टोक डोलकाठीवर. बरोबर?

अंबाझरीचा जुना

बरोबर. जबडे वर तोंड करून. उघडा जबडा खाली तोंड करून असला तर दोर निघता निघत नाही. दोराचा ओढा वर असतो, त्यामुळे जबडा वर असला की पोल खाली दाबला की सुटका.

माहीमचा वारा

मी मुंबईचा, नागपूरचा जावई म्हणून इथे सभासद. क्रमाबद्दल वेगळं मत आहे. आमच्या बोटीवर मध्यम वाऱ्यात दोन्ही टोकं एकदमच सोडतो. काइट पूर्ण मोकळा, दोन्ही बाजूंच्या ट्विंगवर उडतो. मग पोल निवांत नव्या गायला आणि नंतर डोलकाठीला. पोल दोन्ही गायींच्या मध्ये आडवा अडकून बसायची भानगड नाही.

अंबाझरीचा जुना

सुकाणूवर आणि शीटवर कोण बसलंय त्यावर आहे. ती दोघं पक्की असतील तर तुमची पद्धत सुंदर. नवशिक्या क्रूमध्ये काइट मोकळा सोडणं म्हणजे बैलाची वेसण काढून मग त्याला रस्ता विचारणं.

माहीमचा वारा

हे मान्य. पण मुद्दा तोच निघतो ना, की काइटला पोल लागत नाही. बोट काइटच्या खाली ठेवली, दोन्ही कोपरे सारखे धरले, तर तो पोलशिवाय मजेत उडतो. सीझनच्या सुरुवातीला आम्ही पोल डेकवर बांधून ठेवतो आणि दहा जाइब नुसत्या सुकाणू आणि शीटवर करतो. फोरडेकवाल्याला त्या वेळी काम नाही, तो फक्त बघत बसतो. पोल चुकीच्या जागी असला तरी आभाळ कोसळत नाही हे त्याला तेव्हा दिसतं.

भोपाळ-रिटर्न

मी भोपाळच्या मोठ्या तलावावर ४२० चालवली आहे, क्रू म्हणून. ती दोघांची बोट, तिला पण असाच गोल स्पिनेकर. तिथे फोरडेक वगैरे नाही, मीच फोरडेक, मीच ट्रिमर. जाइबच्या वेळी काइट काही सेकंद सुकाणूवाल्याच्या हातात, दोन्ही शीट त्याच्याकडे, आणि मी पोलकडे.

एक गोष्ट कोणी बोललं नाही: नजर. मी सुरुवातीला पोलच्या टोकाकडे बघायचे, कडी लागली का, दोर आत गेला का. सरांनी एक दिवस डोळ्यांवर रुमाल बांधला आणि किनाऱ्यावर उभ्या बोटीत पोल फिरवायला लावला. पन्नास वेळा. मग कळलं की बोटांना सगळं कळतं, आणि डोळे वर काइटकडे ठेवता येतात. काइट कोसळायला लागला की त्याची वाऱ्याकडची कड आधी आत वळते. ते दिसलं तर हात थांबवता येतात.

नागपुरात हे सहज होईल. गच्ची आहे ना?

कूलरखालचा खलाशी

गच्ची आहे! रविवारभर खपून केलेली रचना खालीलप्रमाणे.

जे-२४ चा पोल साधारण साडेनऊ फुटांचा असतो, तेवढाच बांबू आणला. बांबूवाल्याने विचारलं, मांडव आहे का? म्हटलं, जहाज आहे. त्याने पाच रुपये कमी केले, बहुतेक दया येऊन.

बांबूच्या दोन्ही टोकांना गिर्यारोहणाचे कॅराबिनर, तोंड वर करून, सुतळीने आवळून बांधले. पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाइप म्हणजे डोलकाठी, त्याला छातीच्या उंचीवर एक कडी. बांबूच्या मध्याला दोरी बांधून ती वरच्या अँगलवरून घेतली, म्हणजे पोल वरून तोलणारी टॉपिंग लिफ्ट. समोरच्या कठड्याच्या दोन कोपऱ्यांवरून दोन दोर, त्यांच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूब बांधल्या, म्हणजे दोर ओढ घेतात. पायाखाली जुनी कापसाची गादी दुहेरी करून, म्हणजे पाय डगमगतात. भाचा दोर हलवायला. त्याला सांगितलंय की मध्येच गाय लांब सोडायची, न सांगता.

पहिल्या दिवशी १४ सेकंद. आज ८. डोळ्यांवर आईचा स्कार्फ.

वऱ्हाडी गडी

काहून बा, शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन नाही केला?

कूलरखालचा खलाशी

शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "मुलाचं बरं आहे ना?"

अंबाझरीचा जुना

रचना आवडली. दोन सूचना. एक: गच्चीवरून विजेच्या तारा जात असतील तर साडेनऊ फुटी दांडा फिरवताना आधी वर बघा. दोन: ८ सेकंदांचा आनंद करू नका. सेकंद मोजणं सोडा. भाच्याने गाय लांब सोडली तेव्हा तुम्ही काय केलंत ते सांगा.

कूलरखालचा खलाशी

...वाकलो.

अंबाझरीचा जुना

मग अजून शिकायचंय. आता भाच्याला सांगा, दहापैकी चार वेळा लांब सोड. तुम्ही पोल न काढता "ट्विंग" ओरडलात तरच ती जाइब मोजायची.

नॉटबंदी

मध्येच टपकतो. मी स्वतः बोटीवर कधी चढलो नाही, पण भौतिकशास्त्र शिकवतो. गच्चीवर हा सराव चालेल का, यावर शंका आहे. सायकलच्या ट्यूबची ओढ आणि खऱ्या शिडाची ओढ यात फरक नाही का? खरं शीड माणसाला उचलून नेईल.

माहीमचा वारा

उलट आहे सर. वाऱ्याबरोबर पळताना बोटीवर जाणवतो तो वारा खऱ्या वाऱ्यातून बोटीचा वेग वजा करून उरलेला. वारा १२ नॉट, बोट ६ नॉटने पळतेय, तर डेकवर उरला ६.

नॉटबंदी

अच्छा! आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे निम्मा वारा, चौथाई ओढ. म्हणजे जाइब करायची तर बोट सगळ्यात वेगात असताना करायची?

माहीमचा वारा

हेच लोकांना उमगत नाही! जोराच्या वाऱ्यात नवशिका सुकाणूवाला घाबरतो, बोट हळू व्हायची वाट बघतो. हळू झाली की उरलेला वारा वाढतो, बूम, म्हणजे मेनसेलखालचा आडवा दांडा, दाणकन येतं, काइट खेचतो. लाटेच्या उतारावर बोट घसरत असताना, वेग चढलेला असताना वळायचं. तेव्हा बूमही निवांत येतं.

आणि धागाकर्त्याचं नाक पाण्यात गेलं ते याच हिशोबात बसतं. पुढे वाकलेला माणूस, बोट अडली, वेग मेला, ओढ वाढली. चोवीस फुटी बोटीवर ऐंशी किलो पुढच्या टोकाला म्हणजे फार झाले. जे-२४ ला तर क्रूचं एकूण वजन ४०० किलोंपर्यंतच चालतं, एवढा वजनाचा खेळ आहे. फोरडेकवाल्याने डोलकाठी सोडून पुढे जायचंच नाही, आणि काम झालं की लगेच मागे.

अंबाझरीचा जुना

नॉटबंदी सरांच्या शंकेला माझंही उत्तर. गच्चीवर ओढ कमी आहे हे खरं. पण फोरडेकवाल्याने ओढीशी भांडायचंच नसतं. गाय हाताने ओढूनही जबड्यात जात नाही याचा अर्थ मागचा माणूस ती धरून बसलाय, किंवा सुकाणूवाला लवकर वर, म्हणजे वाऱ्याकडे, वळलाय. तेव्हा दंड दाखवू नका, तोंड उघडा. "शीट द्या", "खाली ठेवा". दोन माणसांच्या ताकदीचं काम एका शब्दाने होतं. आणि दोर हाताला गुंडाळू नका, कधीच नाही. पोलच्या टोकासमोर तोंडही नेऊ नका. माझा पुढचा दात त्या एका जबड्याने नेलाय, म्हणून सांगतो.

बर्डीवरची

मी चाळीस फुटी बोटीवर एका मित्राच्या ओळखीने जाणार आहे, मे महिन्याच्या आधी. तिथे पण असाच पोल उलटा-पालटा करायचा का?

माहीमचा वारा

नाही. तेवढा पोल एका माणसाला पेलत नाही. तिथे डिप-पोल. आतलं टोक डोलकाठीवरच राहतं, फक्त रुळावर वर सरकवतात. बाहेरचं टोक जुन्या गायमधून सोडलं की टॉपिंग लिफ्ट खाली, पोल झोपाळ्यासारखा पुढच्या तारेच्या (डोलकाठीपासून नाकापर्यंत येते ती) आतून खाली डुबकी मारून दुसऱ्या बाजूला येतो. तिथे नाकावर बसलेली तुम्ही, मागे तोंड करून, हातात नवी गाय घेऊन. तुमच्या विनोदातली लेझी गाय तीच. प्रत्येक कोपऱ्याला दोन दोर, एक ओढणारा, एक आळशी. पोल आला की गाय जबड्यात टाकायची, "मेड!" ओरडायचं, ते ऐकूनच मागचे पोल वर घेतात.

खरी गोम एकच: हातातली गाय पिळलेली नको. पोल वर गेल्यावर दोर ज्या बाजूने मागे जाणार त्याच बाजूने जबड्यात बसला पाहिजे, नाहीतर पोलभोवती आढी पडते. आधी किनाऱ्यावर एकदा हळू करून बघा. आणि गाय जबड्यात नीट बसण्याआधी "मेड" ओरडू नका. मागच्यांचा त्या शब्दावर डोळे झाकून विश्वास असतो.

बर्डीवरची

आळशी गायीची माफी मागते.

भोपाळ-रिटर्न

हल्ली बऱ्याच बोटींवर पोलच नाही, नाकातून बाहेर आलेला दांडा, बोस्प्रिट, आणि एकाच बाजूला झुकलेलं असिमेट्रिक शीड. २०१८ च्या एशियाडमध्ये वर्षा गौतम आणि श्वेता शेर्वेगर यांनी रौप्य मिळवलं ती ४९ईआर एफएक्स बोट अशीच. तिथे जाइब म्हणजे मागचा कोपरा पुढून दुसऱ्या बाजूला ओढून घेणं, शीड आणि पुढची तार यांच्या मधून किंवा शिडाच्याही बाहेरून. फोरडेकवाल्याचं काम ढिली शीट बोस्प्रिटखाली पाण्यात पडू न देणं. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

कूलरखालचा खलाशी

एक शेवटची शंका. पिळा पडलाच तर? मी त्या दिवशी फक्त ओरडत होतो.

अंबाझरीचा जुना

आधी पिळा कुठला ते ओळखा. शीड मध्येच आवळलंय, वर-खाली फुगलंय, तर बोट थोडी खाली वळवा, एक कोपरा धरून खाली जोरात हिसके द्या. वरच्या टोकाची कडी फिरती असते, बहुतेक वेळा गरगर सुटतं. नाही सुटलं तर हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढणारा दोर, दोन-तीन फूट सोडा, म्हणजे वरच्या टोकाला डोलकाठीपासून लांब, फिरायला जागा मिळते.

पुढच्या तारेभोवती गुंडाळलं असेल तर हिसके देऊ नका, घट्ट होईल. मेनसेलच्या आडून फिरणारी हवा शिडाला एका दिशेने गुंडाळत असते. मेन दुसऱ्या बाजूला घेतलं, म्हणजे परत जाइब केली, की हवा उलटी फिरते आणि तीच उलगडून देते. थोडं थांबावं लागतं.

कूलरखालचा खलाशी

परत आलो. दुरांतोत बसून लिहितोय.

शनिवारी वारा ८ ते १०, सहा जाइब, एकही बिघडली नाही. रविवारी दुपारनंतर १४ पर्यंत चढला. दुसऱ्या फेरीत हाक आली, मी मान वळवली, नवी गाय लांब. ट्विंगचा दोर कॉकपिटमध्ये कोणाच्या तरी बुटाखाली दबला होता. मी पोलला हात लावला नाही. "ट्विंग!" म्हणून असा ओरडलो की बाजूच्या बोटीवरच्यांनीही आपली ट्विंग बघितली. तीन सेकंद गेले असतील. काइट शांत पुढे उडत होता, पोल जुन्या बाजूलाच. मग गाय हाताशी आली आणि बाकी सगळं गच्चीसारखंच झालं, फक्त भाच्याऐवजी लाट होती.

स्किपर काही बोलला नाही. किनाऱ्यावर आल्यावर मला चहा मात्र त्याने स्वतः आणून दिला.

वऱ्हाडी गडी

जमलं ना मंग! आता बांबू देता का? आमच्या अंगणात मांडव टाकाचा आहे.

नॉटबंदी

भाच्याला पाठवा, वर्गात सापेक्ष वेग शिकवायला उदाहरण हवंय.

कूलरखालचा खलाशी

बांबू सध्या कोणालाच मिळत नाही. आत्ताच घरी पोचलो तर आईने गच्चीवरच्या दोन्ही गायींवर साड्या ताणून सावली केली आहे, बांबू मधोमध टेकू म्हणून लावलाय आणि पूर्ण गच्चीभर कुरडया वाळत घातल्या आहेत. कापसाची गादी पण काकूंना दिली. पुढच्या रविवारपर्यंत जाइब बंद.